कन्सेप्च्युअल मॉडेलवरून टेबलं पाडताना टूल आपल्या वतीने काय काय ठरवून टाकतं

तू विचारलंस ते आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमची छोटी टीम आहे अंधेरीला, हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलं आणि सभासदांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर करताय, ओरॅकलचं फुकट मिळणारं डेटा मॉडेलर वापरून ४१ एन्टिटींचं (एन्टिटी म्हणजे जिची माहिती ठेवायची ती गोष्ट, फ्लॅट, सभासद, बिल अशी) कन्सेप्च्युअल मॉडेल काढलंय, 'इंजिनिअर टू रिलेशनल मॉडेल'चं बटण दाबलं आणि ४६ टेबलं आली. आता तुझे प्रश्न दोन. ही टेबलं बरोबर आली का हे ओळखायचं कसं, आणि यापुढे वरचं, म्हणजे एन्टिटींचं, मॉडेल बाजूला ठेवून थेट टेबलांवरच काम केलं तर चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण ते छोटं आहे. नाही चालणार, निदान तुमच्यासारख्या कामात तरी नाही, कारण सोसायटीचे नियम बदलत राहतात आणि नियम कळतो तो वरच्या मॉडेलमध्ये, टेबलात त्याचे फक्त कॉलम उरतात. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, चहा घेऊन बस.

मी हे काम वीसेक वर्षं करतेय आणि नवीन मुलामुलींमध्ये एक गोष्ट कायम बघते, की बटण दाबल्यावर जे आलं ते टूलने 'काढलं' असं त्यांना वाटतं, म्हणजे जसं काही गणिताचं उत्तर एकच असतं तसं. तसं नसतं रे. एकाच मॉडेलवरून पाच-सहा वेगवेगळे डेटाबेस निघू शकतात आणि सगळेच नियमाने बरोबर असतात. टूल त्यातला एक निवडतं, आणि तो का निवडला हे तुला विचारत नाही, त्याच्या सेटिंगमध्ये आधीपासून जे टिक केलेलं असतं त्यावरून निवडतं. तर टेबलं बरोबर आहेत का हा प्रश्न खरा असा आहे की टूलने तुझ्या वतीने कुठे कुठे निवड केली आणि ती तुमच्या सोसायट्यांना लागू पडते का.

हे का होतं ते एकदा मुळातून समजून घे. कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात आहेत फक्त टेबलं आणि त्यातली मूल्यं, दोन टेबलांचं नातं असतं ते सुद्धा कॉलममधल्या मूल्यांनीच. पीटर चेनने १९७६ मध्ये एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं त्यात नातं ही स्वतंत्र वस्तू आहे, चौकटींमध्ये हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह काढायचे ना पूर्वी, ते. म्हणजे वरच्या चित्रात नातं आहे आणि खाली नातं ठेवायला जागाच नाही, एकतर त्याचा कॉलम करायचा नाहीतर टेबल करायचं. सगळं मॅपिंग म्हणजे एवढंच, प्रत्येक नात्याचं काय करायचं ते ठरवणं. अ‍ॅट्रिब्यूटचे, म्हणजे एन्टिटीच्या गुणधर्मांचे, कॉलम होतात, एकास अनेक असेल तर अनेकच्या बाजूला फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम, जाते, यात कुणी चुकत नाही, टूल तर नाहीच नाही, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

एक गोष्ट नावांबद्दल, कारण गोंधळ होतो. तुझ्या टूलमध्ये कन्सेप्च्युअल असं वेगळं खातं नाहीये, लॉजिकल मॉडेल म्हणतात त्यातच ते काढायचं, त्याखाली एक किंवा जास्त रिलेशनल मॉडेल आणि प्रत्येकाखाली डेटाबेसच्या प्रकाराप्रमाणे फिजिकल मॉडेल. पॉवरडिझायनर नावाच्या दुसऱ्या टूलमध्ये कन्सेप्च्युअल, लॉजिकल, फिजिकल तिन्ही वेगवेगळे मिळतात. आणि एमवायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये जे चित्र दिसतं ते एन्टिटीचं वाटलं तरी ती टेबलंच असतात, अनेकास अनेक नातं काढायला गेलं की ते तिथल्या तिथे मधलं टेबल पाडून मोकळं होतं. वाईट टूल नाही ते, पण त्यात वरचं मॉडेल राहत नाही हे लक्षात ठेव.

आता तुझ्या टेबलांकडे येऊ. तू स्क्रीनचा फोटो टाकलायस त्यात मला 'रिलेशन_१' आणि 'रिलेशन_७' नावाची टेबलं दिसली. ही कुठून आली माहितेय? तू फ्लॅट आणि सभासद यांच्यात अनेकास अनेक अशी रेघ ओढलीस आणि रेघेला नाव दिलं नाहीस. टूलने आपलं नाव दिलं आणि मधल्या टेबलाला तेच चिकटलं. आता ही फक्त नावाची गोष्ट असती तर नाव बदलून टाक म्हटलं असतं, पण नाव सुचलं नाही याचा अर्थ तिथे काय आहे याचा विचार झाला नाही. कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात जा आणि सेक्रेटरींना विचार की फ्लॅट आणि सभासद यांच्यात काय आहे, ते कपाटातून आय रजिस्टर, म्हणजे सभासदांची नोंदवही, काढून दाखवतील. त्यात सभासद झाल्याची तारीख आहे, शेअर सर्टिफिकेटचा नंबर आहे, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर पहिलं नाव कुणाचं हेही आहे, ते तर फार महत्त्वाचं कारण मताचा हक्क पहिल्या नावाला असतो. एवढं सगळं ज्या रेघेवर लटकतंय ती रेघ राहिलीच नाही, ती 'सभासदत्व' नावाची एन्टिटी झाली. ती वरच्याच मॉडेलमध्ये काढ.

आणि मग की बघ. मधल्या टेबलाला टूल प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण, देतं ती दोन्हीकडच्या की जोडून, म्हणजे फ्लॅट अधिक सभासद. ऐकायला बरोबर वाटतं. पण वडिलांनी फ्लॅट मुलाच्या नावावर केला, मुलगा परदेशी गेला आणि चार वर्षांनी परत वडिलांच्या नावावर केला, तर वडील आणि तो फ्लॅट ही जोडी दुसऱ्यांदा येणार आणि डेटाबेस म्हणणार ही नोंद आधीच आहे. मग डेव्हलपर काय करतो, जुन्या नोंदीवरच नवीन तारीख टाकतो, आणि गेला इतिहास. जिथे जिथे नात्याला 'केव्हापासून' हा प्रश्न विचारता येतो तिथे तारीख कीमध्ये गेली पाहिजे, आणि हे टूलला कधीच कळणार नाही, कारण चित्रात काळ दिसत नाही.

आता सबटाइप, म्हणजे एकाच एन्टिटीचे पोटप्रकार. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण इथे टूलची डीफॉल्ट निवड चुकली की नंतर बदलायला जीव जातो.

तुझ्या मॉडेलमध्ये तीन ठिकाणी सबटाइप आहेत. युनिटचे फ्लॅट, दुकान, गॅरेज. मालकाचे व्यक्ती आणि संस्था, म्हणजे कंपनी, फर्म, ट्रस्ट वगैरे. आणि माणसाचे सभासद, भाडेकरू, कमिटी मेंबर. टूलला यासाठी तीन रस्ते माहीत आहेत: सगळ्यांचं मिळून एकच टेबल, किंवा फक्त प्रत्येक मुलाचं, म्हणजे पोटप्रकाराचं, वेगळं टेबल, किंवा वरच्याचं एक आणि प्रत्येक मुलाचं एक. हे प्रत्येक एन्टिटीच्या प्रॉपर्टीत जाऊन निवडता येतं, सगळ्यांना एकच लावायची सक्ती नाही.

तिसरा गट, माणसाचा, आधी घे, कारण तो मुळात सबटाइपच नाहीये. मुंबईत किती लोक असे आहेत की स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि आईवडिलांच्या जवळ राहायचं म्हणून त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये स्वतः भाड्याने राहतात. तो माणूस सभासदही आहे आणि भाडेकरूही, आणि कमिटीवर सुद्धा असेल. सबटाइप म्हणजे हा किंवा तो. इथे एकाच वेळी तिन्ही आहे, म्हणून या भूमिका आहेत, माणसाची एक एन्टिटी आणि त्याच्याशी वेगवेगळी नाती. हे जर तू सबटाइप ठेवलंस आणि टूलने प्रत्येक मुलाचं टेबल पाडलं तर तोच माणूस तीन ठिकाणी तीन मोबाइल नंबर घेऊन बसेल.

युनिटचं एकच टेबल कर. फ्लॅट, दुकान, गॅरेज यांच्यात फरक दोन-चार कॉलमचा, बिल सगळ्यांना लागतं, विंग सगळ्यांना असते. समजा तू 'प्रत्येक मुलाचं वेगळं टेबल' निवडलंस तर बिलाची फॉरेन की कुठे लावणार? फ्लॅटच्या टेबलाला लावली तर दुकानाचं बिल निघणार नाही. मग बिलात तीन फॉरेन की ठेव आणि त्यातली एकच भरलेली असली पाहिजे असा चेक, म्हणजे ओळ टाकताना डेटाबेसने तपासायची अट, लाव, याला आर्क म्हणतात, टूलमध्ये काढायची सोयही आहे, पण उगाच ओढवून घेतलेलं काम आहे. एकच टेबल केल्याची किंमतही माहीत असू दे. दुकानाला गुमास्ता लायसन्सचा नंबर सक्तीचा आहे असं वर लिहिलं असेल तरी खाली तो कॉलम रिकामा चालेल असाच पडतो, कारण फ्लॅटच्या ओळींत तो रिकामाच असणार. म्हणून प्रकार सांगणारा कॉलम आणि 'प्रकार दुकान असेल तर हा भरलेला हवा' असा चेक कन्स्ट्रेंट तू स्वतः जोडायचास.

मालकाचं मात्र वेगळं. व्यक्ती आणि संस्था यांची मी तीन टेबलं करीन, वर मालक आणि खाली दोन. कारण विचारशील तर एकच कसोटी लावते मी, आणि आजवर तिने दगा दिला नाही: सबटाइपला स्वतःची अशी नाती आहेत का? नॉमिनी व्यक्तीलाच असतो, कंपनीला नॉमिनी नसतो. कंपनीला अधिकृत प्रतिनिधी असतो, व्यक्तीला नसतो. सगळं एका टेबलात कोंबलं तर नॉमिनीची फॉरेन की मालकाच्या टेबलाकडे बोट दाखवणार आणि एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कुणीतरी नॉमिनी जोडून मोकळं होईल, डेटाबेस हूं की चूं करणार नाही. वेगळं टेबल असेल तर फॉरेन की व्यक्तीकडेच जाते, प्रश्न मिटला. अ‍ॅट्रिब्यूटचा फरक असेल तर एक टेबल, नात्यांचा फरक असेल तर वेगळी टेबलं.

यात एक भोक राहतं ते बुजवायचं. तीन टेबलं केलीस तर एकच मालक क्रमांक व्यक्तीतही आणि संस्थेतही घुसू शकतो. उपाय जुना आहे, मालकाच्या टेबलात प्रकाराचा कॉलम ठेव, क्रमांक आणि प्रकार या जोडीवर युनिक (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ नये अशी अट) लाव, खालच्या दोन्ही टेबलांत प्रकाराचा कॉलम घेऊन त्याचं मूल्य चेकने बांधून टाक आणि फॉरेन की जोडीवर लाव. थोडं जास्त टायपिंग आहे पण आयुष्यभराची निश्चिंती.

आता कीचा विषय, आणि तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मला सगळ्यात मोठा धोका इथेच दिसतो. तुम्ही एकाच डेटाबेसमध्ये अनेक सोसायट्या ठेवणार आहात. पार्किंगचं वाटप हे टेबल घे. ते फ्लॅटकडेही बघतं आणि पार्किंगच्या जागेकडेही. समजा फ्लॅटची की आहे सोसायटी अधिक फ्लॅट नंबर, आणि जागेची की सोसायटी अधिक जागा नंबर. दोन्ही फॉरेन की वाटपात उतरल्या की दोन्ही आपापला सोसायटीचा कॉलम घेऊन येतात. टूलला तू काही सांगितलं नाहीस तर ते दोन वेगळे कॉलम पाडतं, दुसऱ्याच्या नावापुढे आकडा लावून. आता काय झालं बघ, पहिल्या कॉलममध्ये मुलुंडची सोसायटी आणि दुसऱ्यात भांडुपची अशी ओळ बिनदिक्कत टाकता येते, म्हणजे मुलुंडच्या फ्लॅटला भांडुपच्या स्टिल्टमधली जागा. इंजिनिअर करायच्या त्या खिडकीतच 'ओव्हरलॅपिंग अँड फोल्डिंग कीज' असा एक टॅब आहे, बहुतेक जण उघडतच नाहीत, तिथे हे दोन कॉलम एकावर एक घडी घालून एकच करता येतात. घडी घातली की वाटपात सोसायटी एकच, दोन्ही फॉरेन की तोच कॉलम वापरणार, आणि चुकीची ओळ टाकणं शक्यच उरत नाही. एक ओळ कोड न लिहिता नियम पाळला जातो. मला या गोष्टीचं अजूनही फार अप्रूप आहे खरं सांगायचं तर, वर एक साधी रेघ बरोबर काढली म्हणून खाली एक अख्खी चूक कायमची बंद होते.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल की सगळीकडे सरोगेट आयडी लाव, म्हणजे फक्त ओळ ओळखण्यापुरता, एरवी काही अर्थ नसलेला एक आकडा, साधं काम. मी सरोगेटच्या विरोधात नाही. सोसायटी, विंग, युनिट, बिल, बिलाची ओळ अशी साखळी प्रत्येक पायरीला की खाली ढकलत नेली तर बिलाच्या ओळीची की पाच कॉलमची होते आणि प्रत्येक क्वेरी लिहिताना हात दुखतात. पण सगळीकडे फक्त आयडी लावलास तर वाटपात उरतात युनिट आयडी आणि जागा आयडी, दोन निव्वळ आकडे, आणि ते एकाच सोसायटीतले आहेत हे डेटाबेसला कळायचा मार्गच बंद. म्हणून अनेक सोसायट्या एकत्र असतील तर मी अशी मधली वाट घेते, की सोसायटी आयडी प्रत्येक टेबलात उतरवायचा, त्याच्या जोडीला त्या टेबलाचा स्वतःचा एक आयडी, आणि की ही जोडी. दोन कॉलमच्या वर की जात नाही आणि घडीचा फायदाही मिळतो. शिवाय सरोगेटची खूण केलीस तर जुनी नैसर्गिक की, म्हणजे सोसायटी अधिक विंग अधिक फ्लॅट नंबर, ती युनिक म्हणून खाली उतरलीय ना हे प्रत्येक टेबलात डोळ्यांनी बघ. ती राहिली नाही तर बी विंगमध्ये ४०२ नंबरचे दोन फ्लॅट तयार होतील आणि दोघांना बिलं जातील.

एकास एक नात्यांचं लवकर सांगते. फॉरेन की कुठल्या बाजूला जाणार हे तिथे संदिग्ध असतं, टूलमध्ये नात्याच्या प्रॉपर्टीत 'डॉमिनंट रोल' असतो तो तू निवड. आणि नातं हस्तांतरणीय नाही असं मार्क केलंस, उदाहरणार्थ निघालेलं बिल एका युनिटवरून दुसऱ्यावर हलवता येत नाही, तर हे टूल त्यासाठी ट्रिगर, म्हणजे ओळ बदलताना आपोआप चालणारा कोड, लिहून देतं. ट्रिगर दिसला की घाबरून काढून टाकू नकोस, तू वर जे म्हटलंस तेच ते खाली म्हणतंय.

डेटाटाइप, म्हणजे कॉलममध्ये आकडा, तारीख की मजकूर. तू अर्ध्या अ‍ॅट्रिब्यूटना टाइप दिलेलेच नाहीस, स्क्रिप्टमध्ये त्या ओळींना 'अननोन' चालत नाही असा एरर कॉमेंट म्हणून आलेला दिसेल, आणि स्क्रिप्टच्या शेवटी हे टूल एक हिशोब छापतं, किती टेबलं, किती इंडेक्स, किती एरर, किती वॉर्निंग. तो हिशोब वाचायची सवय लाव, एरर शून्य असल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे पाठवायची नाही. टाइप एकेका कॉलमला देत बसू नकोस, डोमेन कर, म्हणजे नाव दिलेला टाइप जो अनेक कॉलमना लावता येतो. 'रक्कम', 'व्यक्तीचं नाव', 'क्षेत्रफळ', 'टक्के' असे वीसेक डोमेन पुरतात आणि बदल करायचा तर एका जागी होतो.

नावाच्या डोमेनबद्दल मात्र थांबून सांगते कारण आपल्याकडे हमखास फसतं. ओरॅकलमध्ये लांबी ३० म्हटलं आणि एकक सांगितलं नाही तर सेटिंग बदललेलं नसेल तेव्हा ते ३० बाइट धरतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, उकार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'पुरुषोत्तम' या एका नावात अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे बरोब्बर ३० बाइट, आडनावाला जागाच नाही. इंग्रजीत टेस्ट करताना सगळं चालतं आणि पहिल्यांदा मराठीत सभासदांची यादी चढवली की ओरा-१२८९९, म्हणजे मूल्य कॉलममध्ये मावत नाही हा एरर, यायला लागतो. डोमेनमध्येच एकक 'कॅरेक्टर' निवड आणि लांबी सढळ हाताने दे. पोस्टग्रेस आणि एमवायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसांमध्ये लांबी अक्षरांतच मोजली जाते, पण तुझा डेटाबेस ओरॅकल आहे.

तारखेचंही एक, ओरॅकलच्या डेट टाइपमध्ये वेळ सुद्धा साठवली जाते. वर तू 'बिलाची तारीख' लिहिलंस, खाली दुपारचे साडेतीनही साठले, मग १ एप्रिलची बिलं शोधायला गेलास तर मिळत नाहीत. ज्या डोमेनमध्ये फक्त दिवस हवाय तिथे वेळ शून्य आहे असा चेक लाव.

नावांसाठी टूलमध्ये ग्लॉसरी असते, शब्द आणि त्याचं संक्षिप्त रूप. ती सुरुवातीलाच भर. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत नावाला ३० बाइटची मर्यादा होती, १२.२ पासून १२८ झाली, पोस्टग्रेसमध्ये ६३ आहे आणि तिथे लांब नाव नुसती नोटीस देऊन कापलं जातं, एमवायएसक्यूएलमध्ये ६४ अक्षरं. तुमचा एखादा ग्राहक उद्या पोस्टग्रेसवर द्या म्हणाला तर लांबच लांब फॉरेन कीची नावं तिथे कापली जातील. म्हणून मी आजही ३० च्या आतच ठेवते.

आणि फॉरेन कीवर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची. ओरॅकल तो आपोआप करत नाही, पोस्टग्रेसही नाही, एमवायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन करतं. तो नसेल तर वरच्या टेबलातली एक ओळ डिलीट करताना ओरॅकल खालच्या अख्ख्या टेबलाला लॉक लावतो, महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या सोसायट्यांची बिलं एकदम निघताना हे चांगलंच जाणवेल. टूलमध्ये ट्रान्सफॉर्मेशनची सोय आहे, छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या फॉरेन कींवर एका दमात इंडेक्स टाक.

आता ज्या गोष्टी वर आहेत आणि खाली येतच नाहीत त्यांची यादी करायला बस, कारण टूल त्याबद्दल काही बोलत नाही. बिलाला किमान एक ओळ हवी असं तू रेघेवर काढलंयस. फॉरेन की एवढंच सांगते की ओळीला बिल हवं, बिलाला ओळ हवी हे ती सांगू शकत नाही, त्यामुळे रिकामं बिल टाकता येतं. सर्व नॉमिनींच्या हिश्शांची बेरीज १०० झाली पाहिजे, हेही अनेक ओळींवरचं गणित आहे, साध्या चेकमध्ये बसत नाही. एका फ्लॅटच्या दोन सभासदत्वांच्या तारखा एकमेकांवर चढता कामा नयेत, संयुक्त नावं सोडून, यासाठी पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे पण तुझ्याकडे तो नाही. नॉन ऑक्युपन्सी चार्ज (फ्लॅट भाड्याने दिला की लागणारा आकार) सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही, तो नियम तर दोन वेगळ्या ओळींतल्या रकमांमधला. या प्रत्येकासाठी मी दोन गोष्टी करते, त्या टेबलात लिहिण्याचा रस्ता एकाच प्रोसीजरमधून (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) ठेवते, आणि रोज रात्री एक क्वेरी चालवते जी नियम मोडलेल्या ओळी शोधते. आणि नियम कुठे लिहिते? वरच्या मॉडेलमध्ये, त्या नात्याच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे पुढचा माणूस चित्र बघेल तेव्हा त्याला कळेल की याची जबाबदारी कुठल्या प्रोसीजरवर टाकली आहे.

बिलाच्या हेडचंही, म्हणजे बिलातल्या आकारांच्या बाबींचंही, तुझं मॉडेल जरा घाईत झालंय. सर्व्हिस चार्ज सगळ्यांना सारखा, पाण्याचा नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि रिपेअर फंड ०.७५ टक्के, हे आदर्श उपविधीत आहे. तू प्रत्येक हेडचा बिलात एकेक कॉलम केलायस. टूलने ते इमानदारीत उतरवलं, त्याचा दोष नाही. 'हेड' आणि 'आकारणीचा आधार' या दोन एन्टिटी कर आणि बिलाची ओळ त्यांना जोड, नाहीतर लिफ्ट बदलायचा वेगळा फंड निघाला की तुला टेबलाची रचना बदलावी लागेल.

शेवटचा मुद्दा, वरचं आणि खालचं एकत्र कसं ठेवायचं. फार वर्षांपूर्वी फोर्टमधल्या एका वित्तसंस्थेच्या कामावर होते. सुरुवातीला सुंदर मॉडेल काढलं होतं, एकदा टेबलं पाडली, आणि त्यानंतर प्रत्येक बदल घाईत थेट डेटाबेसमध्ये केला. तीन वर्षांनी नवीन मॉड्यूलसाठी कुणीतरी मॉडेलमध्ये भर घालून परत जनरेट केलं, आणि स्क्रिप्टने हाताने घातलेले कॉलम काढून टाकायच्या ओळी लिहिल्या. वेळीच दिसलं म्हणून वाचलो. पण नंतर कुठलं खरं हे ठरवायला दोघीजणी आम्ही सहा आठवडे बसलो होतो, एकेका कॉलमबद्दल ऑफिसातल्या वेगवेगळ्या लोकांकडे जाऊन विचारत. तेव्हापासून माझा रिवाज असा की अर्थाचा बदल, म्हणजे नवीन नियम, नवीन नातं, तो वरच करायचा आणि खाली उतरवायचा. फक्त वेगाशी संबंधित बदल, इंडेक्स, पार्टिशन, स्टोरेज, ते फिजिकलमध्येच करायचे आणि वर चढवायचे नाहीत. परत इंजिनिअर करताना खिडकीत झाडासारखी यादी येते, काय नवीन होणार, काय बदलणार, काय जाणार, ती ओळन् ओळ वाचायची आणि नको तिथली खूण काढायची. आणि दर महिन्याला एकदा मॉडेल खऱ्या डेटाबेसशी सिंक्रोनाइझ करून बघायचं, काही लावायचं नाही, नुसता फरक बघायचा.

हे टूल सगळं डिझाइन एका फाइलमध्ये ठेवत नाही हेही ध्यानात ठेव. डीएमडी फाइल असते आणि तिच्याच नावाचा एक फोल्डर असतो, खरा माल त्या फोल्डरमधल्या एक्सएमएल फाइलींत. तू आणि तुझा पार्टनर एकमेकांना नुसती डीएमडी मेल करताय असं लिहिलंयस, म्हणून त्याच्याकडे रिकामं चित्र उघडतंय. दोन्ही मिळून गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, टाका.

सोमवारी ऑफिसला गेलास की पार्किंग वाटपाचं टेबल उघड, सोसायटीच्या कॉलमपुढे आकडा लागलेला दुसरा कॉलम दिसतोय का बघ, आणि दिसला तर बाकी काही करायच्या आधी तो फोल्डिंगचा टॅब. मग सभासदत्वाची एन्टिटी. आणि नॉमिनीच्या टेबलाला हात लावायच्या आधी एखाद्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्धा तास भेट, त्यांना विचार की सभासद गेल्यावर रजिस्टरमध्ये नेमकं काय काय लिहितात आणि कुठल्या क्रमाने. ते सांगतील तसं वरच्या मॉडेलमध्ये काढ आणि इथे टाक, मी बघते.